जमिनीवरचं बेट

मगादानमध्ये कुणी सामान बांधून विमानतळाकडे निघालं की तो माणूस 'मातेरिक'वर चालला, असं म्हणतात. मातेरिक म्हणजे मुख्य भूमी. पोर्ट ब्लेअरच्या माणसानं चेन्नईला किंवा कोलकात्याला निघताना 'मेनलँड' म्हणावं, तसाच हा शब्द. पण पोर्ट ब्लेअर बेटावर आहे, मगादान नाही. रशियाच्या ईशान्य टोकाला, ओखोत्स्क समुद्राच्या काठी वसलेलं हे शहर आशिया खंडाच्या सलग जमिनीवर उभं आहे. तिथून मॉस्कोपर्यंत नकाशावर बोट फिरवलं तर मध्ये एकही समुद्र येत नाही. तरीही तीन पिढ्या तिथली माणसं स्वतःला बेटावरची समजत आली आहेत.

या बेटावरून बाहेर पडणारा रस्ता एकच. मगादानपासून लेना नदीच्या उजव्या काठावरच्या निझ्नी बेस्त्याख या गावापर्यंत जाणारा, २०३२ किलोमीटरचा. सरकारी दप्तरात तो 'आर-५०४ कोलिमा' महामार्ग आहे. २००४ मध्ये यूअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूर्मन हे दोन अभिनेते जगप्रवासाच्या मालिकेसाठी मोटरसायकलवरून इथे आले, आणि तेव्हापासून साहसी प्रवाशांच्या यादीत तो 'हाडांचा रस्ता' या नावानं चढला. तिथले लोक मात्र त्याला नुसतं 'त्रास्सा' म्हणतात. या रशियन शब्दाचा अर्थ मार्ग, महामार्ग. मराठी कानाला त्यात 'त्रास' ऐकू येतो, हा योगायोग.

रस्त्याच्या भरावात मेलेल्या कैद्यांचे सांगाडे दडपले आहेत, ही गोष्ट पर्यटकांना पहिल्याच दिवशी सांगितली जाते. ती ऐकून अंगावर काटा येतो, फोटो निघतो आणि गाडी पुढे जाते. पण खंडाच्या जमिनीवर बेट तयार कसं झालं, हा प्रश्न त्या काट्यात हरवून जातो. त्याचं उत्तर रस्त्याच्या खाली शोधण्यापेक्षा रस्ता बांधण्यामागच्या हिशेबात शोधलेलं बरं.

* * *

हिशेब सोन्याचा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात बोरिस्का या टोपणनावाचा एक एकांडा तातार सोनेशोध्या कोलिमा नदीच्या स्रेद्निकान या उपनदीवर पोहोचला. त्याला सोनं सापडलं आणि तिथेच त्याला मरणही आलं. त्याची बातमी किनाऱ्यावरच्या वस्त्यांमध्ये कुजबुजीसारखी फिरत राहिली. ४ जुलै १९२८ रोजी ओला नावाच्या किनाऱ्यावरच्या वस्तीत युरी बिलिबिन हा सत्तावीस वर्षांचा भूगर्भशास्त्रज्ञ लहानशी तुकडी घेऊन उतरला. आत जायला रस्ता नव्हता. तिथल्या मूळ रहिवासी एवेन लोकांच्या पायवाटा होत्या, घोडे आणि रेनडिअर होते, आणि नद्या होत्या. बिलिबिनच्या माणसांनी लाकडाचे तराफे बांधले, बाखापचा नदीच्या खळाळांतून ते खाली सोडले आणि कोलिमा गाठली. परत येताना त्यानं सोबत आणला तो अंदाज थक्क करणारा होता. सोन्याचा पट्टा शेकडो किलोमीटर लांबीचा असावा, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे ते खरं ठरलं.

मॉस्कोत तेव्हा पहिली पंचवार्षिक योजना चालू होती. कारखान्यांसाठी लागणारी यंत्रं अमेरिकेतून आणि जर्मनीतून यायची आणि त्यांची किंमत रूबलमध्ये कुणी घेत नसे. सोनं मात्र सगळे घेत. म्हणून ११ नोव्हेंबर १९३१ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीनं कोलिमाविषयी ठराव केला आणि दोन दिवसांनी 'दालस्त्रोय' नावाचा सरकारी ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या मूळ लांबलचक नावात आधी रस्तेबांधणी होती आणि मग उद्योग. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

दालस्त्रोय नावापुरता ट्रस्ट होता. त्या प्रदेशात सरकार तोच, मालक तोच, पोलीसही त्याचेच. जहाजं त्याची, वर्तमानपत्रं त्याची. १ एप्रिल १९३२ रोजी कैद्यांच्या छावण्यांचा विभाग 'सेव्हवोस्तलाग' उभा राहिला. तोही त्याच्याच दावणीला बांधलेला. पुढे विस्ताराच्या शिखरावर असताना दालस्त्रोयच्या ताब्यात सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर मुलूख होता, म्हणजे आपल्या देशाहून थोडाच कमी.

या मुलखाचा पहिला मुखत्यार एदुआर्द बेर्झिन ४ फेब्रुवारी १९३२ रोजी 'साखालिन' या जहाजातून, बर्फ फोडत, मगादानच्या नागायेव उपसागरात उतरला. तो मूळचा लातव्हियाचा. तरुणपणी बर्लिनमध्ये चित्रकला शिकलेला, क्रांतीनंतर लातव्हियन बंदूकधारी तुकडीत अधिकारी झालेला, आणि मग गुप्त पोलिसांत गेलेला. त्याआधी उरलच्या उत्तर भागात विशेरा नदीवर कैद्यांच्या हातून कागद कारखाना उभारण्याचं काम त्यानं पार पाडलं होतं. त्याच विशेरावर कैदी असलेला एक तरुण होता, वार्लाम शालामोव्ह. बेर्झिनसोबत कोलिमाला जाण्यासाठी माणसांची भरती सुरू झाली तेव्हा शालामोव्हनं नकार दिला. कोलिमाला आपण गेलोच तर पहारेकऱ्यांसोबतच जाऊ, असं त्यानं सांगितलं होतं. सहा वर्षांनी ते शब्द अक्षरशः खरे झाले.

* * *

सोनं समुद्रापासून तीन-चारशे किलोमीटर आत होतं. पीठ, तेल, कुदळी, माणसं असं सगळं काही नागायेवच्या धक्क्यावर उतरवून आत न्यायचं होतं. म्हणून रस्ता आधी आला आणि गावं नंतर, रस्त्याच्या गरजेपुरती. कुठे ट्रक दुरुस्तीचा तळ, कुठे पेट्रोलचा साठा, कुठे रात्री थांबायची जागा. मगादानपासून सुमारे दोनशे किलोमीटरवरचं आत्का असंच मोठं वाहनतळ होतं. आज तिथे बोटावर मोजण्याइतकी माणसं राहतात.

रस्ता बांधायचा तो कायम गोठलेल्या जमिनीवर. इथे वरचा शेवाळाचा आणि झुडपांचा थर म्हणजे जमिनीची गोधडीच. ती काढली की खालचा बर्फ उन्हाळ्यात वितळतो, जमीन चिखल होते आणि रस्ता खचतो. म्हणून थर उकरायचा नाही, त्याच्यावर फांद्या आणि ओंडके अंथरायचे आणि वर दगड-मुरुमाचा भराव टाकत जायचं. हे काम बहुतांशी कुदळ, फावडं आणि एका चाकाच्या लाकडी ढकलगाडीवर झालं. भराव जितका जाड तितका रस्ता टिकाऊ, आणि भरावाचा प्रत्येक घनमीटर कुणाच्या तरी हातांनी तिथवर नेलेला. 'हाडांचा रस्ता' या नावातला खरा मजकूर मला इथे दिसतो. रस्ता माणसांवर बांधला की माणसांच्या बळावर, हा भेद फक्त पर्यटकाला महत्त्वाचा वाटू शकतो.

बेर्झिनच्या काळात छावणीत कैद्याला थोडी मजुरी होती. काम चांगलं झालं तर शिक्षेचे दिवस कमी होत. पोट भरलेला माणूस जास्त सोनं काढतो, एवढाच त्यामागचा व्यवहार होता. पहिल्या हिवाळ्यांत तंबूंमध्ये माणसं भराभर मेली, तरी पुढच्या काळाशी तुलना करून जुने कैदी हीच वर्षं बरी म्हणायचे. सोन्याचे आकडे व्यवहार खरा करून दाखवत होते. १९३२ मध्ये ५११ किलो सोनं निघालं होतं, तर १९३७ मध्ये ५१.५ टन.

मग मॉस्कोतली हवा फिरली. कैद्यांचे लाड पुरे, असा सूर खुद्द स्टालिननं लावला. डिसेंबर १९३७ मध्ये मातेरिकवर बोलावून घेतलेल्या बेर्झिनला मॉस्कोजवळ अटक झाली. जपानसाठी हेरगिरी आणि कोलिमा तोडून देण्याचा कट, असे आरोप ठेवले गेले. १ ऑगस्ट १९३८ रोजी त्याला गोळी घालण्यात आली. १९५६ मध्ये त्याच सरकारनं त्याला निर्दोष ठरवलं.

त्याच्या जागी आलेल्या पाव्लोव्हच्या हाताखाली छावण्यांचा प्रमुख होता स्तेपान गारानिन. १९३८ हे साल कोलिमात त्याच्या नावानं ओळखलं जातं. कामाचे तास वाढले. नेमून दिलेलं काम पूर्ण झालं नाही तर पाव कमी मिळायचा. पाव कमी म्हणजे दुसऱ्या दिवशी काम आणखी कमी, आणि त्यामुळे पाव पुन्हा कमी. ही उतरंड संपायची तिथे माणूसही संपायचा. सेर्पान्तिंका नावाच्या जागी रात्री ट्रकची इंजिनं चालू ठेवून गोळ्या घातल्या जात, असं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. सप्टेंबरमध्ये खुद्द गारानिनलाच अटक झाली. तोही पुढे छावणीतच मेला. १९४० मध्ये सोन्याचा आकडा ८० टनांवर गेला होता.

दालस्त्रोयच्या काळात कोलिमाला आणलेल्या कैद्यांची संख्या आठ ते नऊ लाखांच्या घरात जाते, असं दप्तरांवर आधारलेले अभ्यास सांगतात. त्यांपैकी सव्वा लाखाच्या आसपास तिथेच मेले आणि सुमारे दहा हजारांना गोळ्या घालण्यात आल्या. शीतयुद्धाच्या काळात पश्चिमेत तीस लाखांचा आकडा सांगितला जात असे. तो चुकीचा ठरला. खरा आकडा लहान निघाला, म्हणून कुणाला बरं वाटण्यासारखं त्यात काही नाही.

* * *

'मातेरिक' हा शब्द या माणसांसोबत आला. सैबेरिया ओलांडणारी आगगाडी व्लादिवोस्तोकला संपायची. तिथल्या व्तोराया रेच्का छावणीत कैदी जहाजाची वाट बघत. कवी ओसिप मांदेलश्ताम २७ डिसेंबर १९३८ रोजी तिथेच वारला. कोलिमा त्याला दिसलीच नाही. पुढे नाखोद्का आणि वानिनो या बंदरांतूनही जहाजं सुटू लागली. 'द्झुर्मा', 'कुलू', 'इंदिगिर्का' अशी त्यांची नावं. मालासाठी बांधलेल्या तळघरांत फळ्यांचे मजले ठोकून माणसं भरलेली असत. आठवडाभर ती अंधारात राहत, आणि झाकण उघडलं की समोर नागायेवचे करडे डोंगर. डिसेंबर १९३९ मध्ये परतीच्या वाटेवरची 'इंदिगिर्का' जपानच्या होक्काइदो बेटाजवळ खडकावर आपटली आणि सातशेहून अधिक माणसं बुडाली. सारुफुत्सु गावच्या किनाऱ्यावर त्यांचं स्मारक आहे.

समुद्रातून आलेल्या माणसाला जमिनीचा रस्ता माहीत नसतो. शिवाय मातेरिकच्या दिशेनं रस्ता अजून पूर्ण झालाच नव्हता. मागे समुद्र आणि पुढे हजार किलोमीटर तैगाचं जंगल. पळून जायला जागा अपार, आणि म्हणूनच कुठेच नाही. मराठीत आपण 'काळ्या पाण्याची शिक्षा' म्हणतो, तेव्हा पाणी ओलांडलं की माणूस आपल्या जगातून पुसला गेला, हा अर्थ त्यात असतो. कोलिमाच्या कैद्यानं 'मातेरिक' म्हणताना नेमकं हेच म्हटलं होतं.

* * *

देबिन गावाजवळ रस्ता कोलिमा नदी ओलांडतो. तिथे कैद्यांसाठीचं मध्यवर्ती रुग्णालय होतं. शालामोव्ह १९३७ च्या ऑगस्टमध्ये, पहारेकऱ्यांसोबत, मगादानला उतरला आणि सोन्याच्या खाणीवर गेला. १९४३ मध्ये त्याला आणखी दहा वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा असा की इवान बुनिन हा थोर रशियन लेखक आहे, असं तो बोलला. बुनिन परदेशात गेलेला, नोबेल मिळालेला, म्हणून सोव्हिएत विरोधक. पान्त्युखोव्ह नावाच्या कैदी डॉक्टरनं १९४६ मध्ये शालामोव्हला कंपाउंडरसारख्या फेल्दशरच्या अभ्यासक्रमाला पाठवलं आणि तो वाचला. पुढे काही वर्षं त्यानं याच देबिनच्या रुग्णालयात काम केलं.

त्याच्या 'कोलिमा कथा' म्हणजे छोट्या छोट्या, कोरड्या, निर्लेप गोष्टी. तुरुंग माणसाला काही शिकवतो यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याच्या मते छावणी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत फक्त बिघडवते. त्याच्या एका कथेत अमेरिकेतून युद्धाच्या मदतीत आलेला बुलडोझर डोंगरावरून घसरलेल्या सामूहिक कबरीतली प्रेतं ढकलतो. गोठलेल्या जमिनीनं ती वर्षानुवर्षं जशीच्या तशी ठेवलेली असतात. मायदेशात त्याच्या हयातीत या कथा छापल्या गेल्या नाहीत. १९७८ मध्ये त्या रशियन भाषेत लंडनला निघाल्या. १७ जानेवारी १९८२ रोजी तो मॉस्कोत वारला.

रस्त्यापासून आत एल्गेन होतं. तिथे स्त्रियांची छावणी आणि सरकारी शेती होती. काझानची येवगेनिया गिंझबुर्ग, पक्षाची निष्ठावान सभासद, १९३७ मध्ये पकडली गेली. दोन वर्षांच्या बंद कोठडीनंतर ती 'द्झुर्मा'मधून इथे आली, झाडं तोडायला. कैदी आयांपासून वेगळं काढलेल्या मुलांच्या पाळणाघरातही तिनं काम केलं. सुटल्यावर ती मगादानलाच राहिली. १९४८ मध्ये तिचा सोळा वर्षांचा मुलगा मातेरिकवरून तिच्याकडे आला. चार-पाच वर्षांचा असताना त्यानं आईला शेवटचं पाहिलं होतं. तोच पुढे कादंबरीकार वासिली अक्स्योनोव्ह म्हणून गाजला.

सुसुमानच्या भागात मालद्याक नावाची खाण होती. १९३९ मध्ये काही महिने तिथे एक तिशीतला अभियंता खणत होता. स्कर्व्हीनं त्याचे दात पडले. त्या हिवाळ्यात तो मेला असता तर अंतराळयुगाचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता. सेर्गेई कोरोल्योव्ह त्याचं नाव. मातेरिकवर त्याचा खटला पुन्हा उघडला, म्हणून तो परत गेला आणि कैदी अभियंत्यांच्या संशोधनशाळेत पोहोचला. १९५७ चा स्पुट्निक आणि १९६१ मधलं गागारिनचं उड्डाण, दोन्ही त्याच्या नेतृत्वाखाली झाली.

१९६१ च्या अखेरीला गागारिन मुंबईत आला होता. त्याच वर्षी अण्णाभाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. मुंबईतल्या गिरण्यांच्या वस्त्यांमध्ये तेव्हा सोव्हिएत देश म्हणजे कामगाराच्या राज्याचं स्वप्न होतं, आणि गागारिनचं हसू त्या स्वप्नाचा चेहरा. त्याला आकाशात पाठवणाऱ्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, कारण १९६६ मध्ये मृत्यू होईपर्यंत कोरोल्योव्ह हे नाव सरकारी गुपित होतं. मालद्याकचं नाव तर त्याहून खोल दडलेलं. अण्णाभाऊंनी पाहिलेला देश खोटा नव्हता. तिथल्या शाळा, कारखाने, पुस्तकं खरी होती. पण त्या देशाला आपल्याच पोटातलं हे बेट दाखवायचं नव्हतं.

दाखवावं लागलं तेव्हा त्यानं काय केलं, तेही नोंदलेलं आहे. मे १९४४ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस मगादानला आले. युद्धात दोन्ही देश मित्र होते. अलास्काहून सैबेरियामार्गे अमेरिकी विमानं येत होती आणि सैम्चान, ओइम्याकोन इथल्या धावपट्ट्यांवरून ती पुढे जात. पाहुण्यांच्या येण्याआधी पहाऱ्याचे मनोरे पाडले गेले, कैद्यांना आत कोंडलं, दुकानांच्या काचांमागे माल मांडला. त्या काळी कोलिमात कैदी असलेल्या एलिनोर लिपर या स्त्रीनं पुढे हे सगळं लिहून ठेवलं. एका शेतावर डुकरं राखणाऱ्या हसऱ्या मुली पाहुण्यांनी पाहिल्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे, त्या कार्यालयात काम करणाऱ्या बायका होत्या. वॉलेस खूश होऊन गेले आणि त्यांनी कौतुकाचं पुस्तक लिहिलं. १९५२ मध्ये, आपण कुठे चुकलो याची कबुली देणारा लेखही त्यांनीच लिहिला.

* * *

मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मगादान प्रांत तयार झाला आणि १९५७ मध्ये दालस्त्रोय बरखास्त झाला. छावण्या रिकाम्या होत गेल्या. पण सोनं होतं आणि रस्ता होता, म्हणून माणसं हवीच होती. आता ती पगारानं आणली गेली. उत्तरेत काम करणाऱ्याला मूळ पगारावर जादा भत्ता, आणि दर काही वर्षांनी त्यात वाढ. याला लोक 'लांब रूबल' म्हणत. तरुण जोडपी तीन वर्षांसाठी येत, गाडी आणि मातेरिकवरचा फ्लॅट घेण्यापुरते पैसे साठवू म्हणत, आणि तीस वर्षं राहत. त्यांच्या मुलांना मगादान हेच घर वाटे, तरी बोलताना तीही 'मातेरिक'च म्हणत. कैद्यांचा शब्द स्वेच्छेनं आलेल्यांनी उचलला होता.

ही पिढीही सोव्हिएत वारशाचा भाग आहे, आणि तिची गोष्ट नुसत्या दुःखाची नाही. शाळा, संगीत विद्यालयं, पोहण्याचे तलाव, काचेच्या घरांत पिकलेले टोमॅटो अशी कडाक्याच्या थंडीत थाटलेली शहरं तिनं उभी केली. सुसुमानच्या पुढचं कादिक्चान हे कोळशाचं गाव. १९८० च्या दशकात तिथे दहा हजारांच्या आसपास लोक होते. नोव्हेंबर १९९६ मध्ये खाणीत स्फोट झाला, सहा जण गेले आणि खाण बंद झाली. खाण गेली तसं गावाला ऊब देणाऱ्या बॉयलरचं भविष्यही गेलं. उणे पन्नासात बॉयलर बंद म्हणजे पाण्याच्या नळ्या फुटतात आणि इमारत एका रात्रीत मरते. आज पाच मजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. आत वह्या, खेळणी, पियानोचे सांगाडे. बाहेर भिंतींवर कामगारांची उत्साही चित्रं. प्रवासी इथे तासभर थांबतात आणि त्याला 'भुताचं गाव' म्हणतात. पण इथली माणसं मेलेली नाहीत. ती मातेरिकवर कुठल्या ना कुठल्या शहरात राहताहेत.

१९८९ मध्ये आजच्या मगादान प्रांताच्या हद्दीत सुमारे ३ लाख ९० हजार लोक होते. २०२१ च्या जनगणनेत १ लाख ३६ हजार उरले. सोनं संपलं म्हणून असं झालं, असा समज होतो. पण सोनं संपलेलं नाही. २०१७ मध्ये याच प्रांतात नातालका ही अवाढव्य खाण सुरू झाली. तिथले बरेच कामगार 'वाख्ता' पद्धतीनं येतात. म्हणजे काही आठवडे खाणीवर, मग मातेरिकवर घरी. सोन्याला गावं मुळात कधी लागलीच नव्हती. त्याला रस्ता हवा होता आणि हात. हात विमानानं येऊ लागले, तेव्हा गावांची गरज संपली.

* * *

कादिक्चानच्या पुढे रस्त्याला दोन फाटे फुटतात. जुना तोमतोरकडून, छोटा पण आता बहुतेक मोडलेला. नवा उस्त-नेराकडून, जो २००८ च्या सुमारास पूर्ण झाला. तोमतोरच्या हवामान केंद्रात ६ फेब्रुवारी १९३३ रोजी उणे ६७.७ अंश नोंदले गेले. एवढ्या थंडीत उच्छ्वासातली वाफ गोठून पडते आणि तिचा हलका सरसर आवाज होतो. तिथले याकुत लोक त्याला ताऱ्यांची कुजबुज म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये मगादानकडे निघालेल्या दोन तरुणांना फोनमधल्या नकाशानं जवळचा म्हणून हाच जुना रस्ता दाखवला. गाडी बंद पडली. एक जण गोठून मेला. त्यानंतरही 'त्रास्सा'वरचा एक जुना अलिखित नियम तसाच आहे. हिवाळ्यात रस्त्यात थांबलेली गाडी दिसली की थांबायचंच, विचारायचंच.

या रस्त्याची आठवण कशी ठेवायची, याबद्दल मात्र तिथे एकमत नाही. मगादानमध्ये शहर प्रशासनाच्या इमारतीसमोर बेर्झिनचा अर्धपुतळा आहे, १९८९ मध्ये बसवलेला. शहराचा संस्थापक म्हणून त्याच्यापुढे फुलं ठेवली जातात. त्याच शहराबाहेरच्या टेकडीवर एर्न्स्त नेइझ्वेस्त्नी या शिल्पकाराचा 'दुःखाचा मुखवटा' उभा आहे. पंधरा मीटर उंचीचा काँक्रीटचा चेहरा, डाव्या डोळ्यातून ओघळणारे अश्रू, आणि तो प्रत्येक अश्रू म्हणजे आणखी एक लहान चेहरा. १२ जून १९९६ रोजी त्याचं अनावरण झालं. पुतळा छावण्या उभारणाऱ्याचा आणि मुखवटा त्यांत मेलेल्यांचा, असं सरळ वाटप करायला जावं तर बेर्झिन दोन्हीकडे बसतो. ज्या राजवटीनं त्याला घडवलं, तिनंच त्याला गोळीही घातली.

यागोद्नोये गावात इवान पानिकारोव्ह यांनी छावण्यांतल्या वस्तू आणि कागद गोळा करून एका फ्लॅटमध्ये संग्रहालय थाटलं. अशी माणसं विरळ होत चालली आहेत. २०१८ मधल्या एका पाहणीत अठरा ते चोवीस वयाच्या जवळपास निम्म्या रशियनांनी स्टालिनच्या दडपशाहीबद्दल ऐकलेलंच नव्हतं. युरी दूद या तरुण पत्रकारानं पुढच्याच वर्षी मगादानहून याकुत्स्कपर्यंत याच रस्त्यानं जात चित्रपट केला. तो कोट्यवधी लोकांनी पाहिला. डिसेंबर २०२१ मध्ये 'मेमोरियल' ही दडपशाहीची नोंद ठेवणारी सर्वांत जुनी संस्था न्यायालयाच्या आदेशानं बंद झाली. पुढच्या वर्षी तिला शांततेचं नोबेल मिळालं.

* * *

दोन हजार बत्तीस किलोमीटर संपतात ते निझ्नी बेस्त्याखमध्ये, लेनेच्या काठावर. पलीकडे याकुत्स्क. आजवर पाणी उन्हाळ्यात फेरीबोटीनं ओलांडलं जातं, हिवाळ्यात बर्फावर आखलेल्या रस्त्यानं. दक्षिणेकडून येणारी आगगाडीही याच काठावर थांबते. याकुत लोकांच्या कल्पनेत हिवाळा म्हणजे एक बैल. थंडी ओसरू लागली की त्याची शिंगं एकेक करून गळतात, मग डोकं, आणि वसंतात उरलेलं धड बर्फाच्या लाद्यांच्या रूपात लेनेतून उत्तरेच्या समुद्राकडे वाहून जातं.

तो बैल वाहून जात असतो तेव्हाचे काही आठवडे, आणि नदी पुन्हा गोठत असते तेव्हाचे काही, ना बोट चालते ना बर्फाचा रस्ता. याकुत्स्कचे लोक या काठावरच्या रेल्वेपासून तुटतात. मगादानहून माल घेऊन आलेला ट्रकवाला काठावर चहा पीत थांबतो आणि पलीकडच्या शहराचे दिवे पाहत राहतो. त्याच्या लेखी तो मातेरिकच्या दारात पोहोचलेला असतो. पलीकडच्या काठावरची माणसं तेव्हा याच काठाकडे पाहत, नदी कधी मोकळी होते याची वाट बघत असतात.